मीठ विरघळवून समुद्र परत मिळतो का? प्रवाळाच्या टाकीचा इतिहास आणि रिसर्चचा एक धडा

समजा, पेणमध्ये किंवा रोह्यात राहणाऱ्या कुणाला घरात प्रवाळाची छोटी टाकी ठेवायची आहे. त्याला समुद्राचं पाणी कुठून मिळेल?

प्रश्न अगदी सोपा वाटतो. दोन्ही गावं रायगडातली, आणि रायगड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. पण जरा नकाशा उघडून बघा. पेण आहे भोगावतीच्या काठी, धरमतर खाडीच्या आतल्या अंगाला. रोहा आहे कुंडलिकेवर, आणि ती समुद्राला मिळते थेट रेवदंड्यापाशी. म्हणजे दोन्ही गावांच्या वाट्याला येतं ते खाडीचं पाणी. ते गाळाचं असतं, भरती-ओहोटीबरोबर बदलतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा पार उतरतो. रोह्याची तर आणखी एक गंमत आहे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येऊन कुंडलिकेत सुटतं, त्यामुळे ही नदी ऐन उन्हाळ्यातही वाहती असते. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. राफ्टिंगला हे उत्तम, प्रवाळाला मात्र अजिबात नाही. प्रवाळाला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते रोज तसंच राहावं लागतं.

यावर एखादा पेणकर पटकन म्हणेल, "अहो, आमच्याकडे मिठागरं आहेत! मीठ समुद्राचंच ना? ३५ ग्रॅम मीठ घ्या, लिटरभर पाण्यात टाका, झाला समुद्र."

होत नाही. आणि का होत नाही, हे नीट समजून घेतलं तर रिसर्चमधली एक मोठी गोष्ट हाती लागते. म्हणून आजचा लेख टाकीवर आहे, पण तो संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी आहे.

मिठागर काय ठेवतं आणि काय सोडून देतं

समुद्राच्या एका लिटर पाण्यातल्या त्या ३५ ग्रॅम क्षारांपैकी आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, साधारण तीन चतुर्थांश असतं. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरंच काही येतं. लिटरमागे मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम सुमारे ०.४ ग्रॅम. आकडे लहान दिसतात, पण प्रवाळाचा सांगाडा बनतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. ते ०.४ ग्रॅम नसेल तर प्रवाळ वाढूच शकत नाही.

आता मिठागरात काय घडतं ते पाहा. भरतीचं पाणी मोठ्या खाचरांत घेतात, उन्हात आटवतात आणि आटत जाईल तसं पुढच्या वाफ्यांत सोडतात. या वाटेवर क्षार एकदम खाली बसत नाहीत, एकामागून एक बसतात. सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट. मग पाणी आटून मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पाणी दहाव्या हिश्शावर आल्यावर, सुमारे २५ अंश बोमेला, मीठ धरायला लागतं. मीठ गोळा करून झालं की उरतं एक दाट, कडू पाणी. मॅग्नेशियमचे क्षार त्यातच राहिलेले असतात. ते कडू पाणी वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठही कडवट होतं.

म्हणजे चांगलं मीठ पिकवण्याचं कसब नेमकं कशात आहे? कॅल्शियम आधीच्या वाफ्यांत मागे ठेवायचं आणि मॅग्नेशियम शेवटी बाहेर सोडून द्यायचं. मीठ जितकं चांगलं, तितका त्यात समुद्र कमी. प्रवाळाला जे हवं असतं ते मिठागराच्या दोन टोकांना राहून जातं. बाजारातलं शुद्ध केलेलं मीठ तर याच्याही पुढे गेलेलं असतं.

आता यात इतिहासाचा भाग कुठे आला? ब्रिटिश काळातल्या सरकारी कागदांत कोकणातलं मीठ भरपूर सापडतं. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ते आहे, मीठ खात्याच्या व्यवहारांत आहे. का? कारण मिठावर कर होता, आणि तो १९४७ पर्यंत राहिला. जे करपात्र, ते मोजलं गेलं. कडू पाण्यावर कर नव्हता, ते कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या आगरी मिठागर कामगाराच्या अंदाजावरही नव्हता. त्यामुळे कागदात मीठ उरलं. पाणी आणि अंदाज दोन्ही वाहून गेले.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. आता आपण जाणार आहोत लंडनला, कारण समुद्रापासून दूर प्रवाळ जगवण्याचा पहिला नीट नोंदवलेला प्रयत्न तिथला आहे. आणि त्या बाईंचीही अडचण पेणकरासारखीच होती: प्रवाळ हाताशी, पण चांगलं पाणी लांब.

टाकीमागची मोलकरीण

१८४६ च्या शरद ऋतूत अॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावी होत्या. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत वरिष्ठ धर्मगुरू, घर लंडनमध्ये. टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना एकेकटं वाढणारं छोटं कडक प्रवाळ मिळालं. त्यांनी ती प्रवाळं सुई-दोऱ्याने स्पंजाला शिवली, समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि लंडनला नेली.

लंडनमध्ये समुद्राचं पाणी मागवावं लागे. ते दर वेळी मिळेना, म्हणून तेच पाणी पुन्हा वापरणं भाग होतं. पण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो. मग उपाय असा काढला की पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. अर्धा ते पाऊण तास. पुढे १८४७ मध्ये त्यांनी शैवाल वाढलेले दगड मागवून टाकीत ठेवले, आणि वनस्पती-प्राण्यांचा समतोल साधल्यावर प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली, त्यांना पिल्लंही झाली. आज प्रत्येक रीफ टँकमध्ये पंप पाणी घुसळत असतो आणि जिवंत जीवजंतूंनी भरलेले दगड असतात. त्या दोन्ही गोष्टींचं मूळ रूप इथे दिसतं.

आता महत्त्वाचं. पाणी ओतायचं कोण? थिन यांनी स्वतःच लिहिलंय की काम दमवणारं होतं, पण ते करायला घरात एक लहान मोलकरीण होती आणि तिला ती गंमत वाटायची. बस, एवढंच. तिचं नाव नाही, वय नाही. तिला खरंच गंमत वाटत होती का, हे मालकिणीच्याच शब्दांवर मानायचं. थिन यांचा लेख १८५९ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात आला, निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या टिपांसह. प्रवाळांच्या पिल्लांची त्यात बारीक नोंद आहे. ज्या हातांनी ती जगवली, त्यांना मात्र एक-दोन वाक्यं.

खुद्द थिन यांचंही फार वेगळं झालं नाही. 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ झाला तो गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकामुळे, आणि पाण्यातला प्राणी-वनस्पती समतोल मांडण्याचं श्रेय सहसा रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाकडे जातं. त्याने १८५० मध्ये गोड्या पाण्यातल्या टाकीवर निबंध वाचला होता. थिन यांचा प्रयोग त्याच्या आधीचा, पण छापून आला नऊ वर्षं उशिरा. छापील तारखा लावून इतिहास लिहिला तर त्या मागे पडतात, आणि मोलकरीण तर यादीतच येत नाही.

गॉसची कृती, किंवा समुद्र कागदावर

गॉस यांनी १८५४ मध्ये आणखी एक गोष्ट केली. श्वाइट्झर या रसायनतज्ज्ञाने ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचं पृथक्करण केलेलं होतं. ते समोर ठेवून गॉस यांनी कृत्रिम समुद्रपाण्याची कृती छापली. आजच्या मापात: सुमारे १०० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड, अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, आणि चार क्वार्टांहून थोडं कमी पाणी.

आपल्या पेणकराच्या कृतीशी हिची तुलना करा. मिठागराने शेवटी सोडून दिलेलं मॅग्नेशियम गॉस परत आणतात. मिठागराने आधीच मागे ठेवलेलं कॅल्शियम मात्र तेही वेगळं घालत नाहीत. त्यांच्या टाकीत शैवाल होतं, समुद्री फुलं होती, खेकडे होते. तिथे हे खपून गेलं. रीफ बांधणारी प्रवाळं असती तर खपलं नसतं. (म्हणून ही कृती घरी करून बघू नका. ती इतिहास म्हणून वाचायची.)

कॅल्शियमचा प्रश्न टाकीवाल्यांनी नीट सोडवला तो फार पुढे. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली 'नैसर्गिक' पद्धत मांडली: समुद्रातला जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे मंद बुडबुडे. ते समुद्राजवळ राहत होते हे विसरू नका, ताजं पाणी त्यांना मिळत होतं. १९७० च्या दशकात युरोपात पेटर विल्केन्स यांनी कडक प्रवाळांसाठी एक साधा उपाय लोकप्रिय केला, आणि तो ऐकून तुम्हाला हसू येईल: चुन्याची निवळी. आटलेल्या पाण्याच्या जागी ती थेंब थेंब सोडायची. फार सावकाश, कारण निवळीचा सामू १२ च्या वर असतो आणि एकदम ओतली तर टाकी मरते. कोकणात शिंपले भाजून चुना करतात. जे पेणकराच्या मिठात नव्हतं, ते त्याच्या शेजारच्या चुन्याच्या भट्टीत होतं!

प्रवाळ खातं काय?

पाणी जमलं. आता खाणं. इथे एक जुना वाद आहे, आणि रिसर्चच्या विद्यार्थ्याने तो माहीत करून घ्यावाच असा आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे. रीफ बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. मग त्या प्राण्याला पोसतं कोण? त्याने स्वतः पकडलेली शिकार, की आतलं शैवाल?

१९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली. त्यांनी काही प्रवाळं उपाशी ठेवली, काही अंधारात ठेवली. अंधारात शैवाल गेलं, तरी खायला मिळत होतं ती प्रवाळं तगली. उजेडात असून उपाशी ठेवलेली खंगली. यंग यांचा निष्कर्ष: प्रवाळ पक्कं मांसाहारी, आतलं शैवाल मुख्यतः त्याची घाण साफ करतं. अनेक वर्षं हेच मत चाललं.

मग साधनं बदलली. १९५९ मध्ये टॉमस गोरो यांनी जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात प्रवाळाचा सांगाडा कितीतरी वेगाने वाढतो. १९६९ मध्ये मस्कॅटिन आणि चेर्निकियारी यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढला आणि शैवालाने उजेडात तयार केलेलं अन्न प्राण्याच्या पेशींत जातं हे दाखवलं.

मग यंग चुकले का? घाई करू नका. प्रवाळ उपाशी ठेवून काय कळतं? खाणं बंद झाल्यावर काय बिघडतं, एवढंच. शैवालाकडून रोज किती येतं, हे त्या प्रयोगात दिसूच शकत नव्हतं. आज आपण म्हणतो की ऊर्जेचा मोठा भाग शैवाल देतं, पण नायट्रोजन आणि फॉस्फरससाठी शिकार लागतेच. दोन्ही बाजूंनी निसर्गाचा एकेक भाग मोजला होता, आपापल्या मापाने.

आणि थिन यांचं टॉर्कीचं प्रवाळ? त्या जातीच्या पेशींत शैवाल नसतंच. त्याचं सगळं पोषण बाहेरून येणाऱ्या खाण्यावर. म्हणजे 'प्रवाळाला खाऊ घालावं का' याला एकच उत्तर नाही. आधी विचारायचं, कुठलं प्रवाळ?

हे आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. "आपल्या गढूळ किनाऱ्यावर प्रवाळ कुठलं?" असं बरेच जण म्हणतात. १९७९ मध्ये कासिम आणि वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद 'महासागर' या नियतकालिकात केली. मालवणची प्रवाळं तर प्रसिद्धच आहेत. आणि २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. रोज शेकडो माणसं जिथून जात होती, तिथल्या खडकांवर ती होती.

घरातली टाकी म्हणजे छोटं मिठागर

आता रोजच्या देखभालीकडे येऊ. इथे सगळे धागे एकत्र येतात.

४० लिटरची टाकी आहे, क्षार लिटरमागे ३५ ग्रॅम. रोज एक लिटर पाणी उडून जातं असं धरा. चार दिवस लक्ष दिलं नाही तर पाणी उरलं ३६ लिटर, क्षार तेवढेच. लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम. टाकीचं मिठागर व्हायला लागलं! पाणी कमी दिसलं म्हणून नवशिका माणूस खारं पाणी भरतो, आणि मीठ आणखी वाढतं. भरायचं असतं गोडं, शुद्ध पाणी. खारं पाणी फक्त तेव्हा, जेव्हा आपण टाकीतलं काही पाणी मुद्दाम काढून बदलतो.

खाण्याचंही तसंच. आर्टेमियासारखे बारीक जीव रात्री, पॉलिप उघडलेले असताना, थोडा वेळ पंप मंद करून द्यायचे. जास्त झालं तर उरलेलं सडतं, नायट्रेट-फॉस्फेट चढतात आणि नको ते शैवाल प्रवाळावर चढतं. मोठ्या समुद्रात ही चूक वाहून जाते. छोट्या टाकीत ती तिथेच राहते. म्हणून छोटी टाकी सोपी, हा समज उलटा आहे. जितकी लहान, तितकी रोजची नजर जास्त.

आणि कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. २००१ पासून रीफ बांधणारी सगळी कडक प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. किनाऱ्यावरून तुकडा उचलून घरी आणणं हा छंद नाही, गुन्हा आहे. अभ्यासासाठीही परवानगी लागते. थिन बाईंनी जे केलं ते तुम्ही आज करू शकत नाही, आणि ते बरंच आहे.

तुमच्या रिसर्चसाठी यातून काय घ्यायचं

मला या विषयात सगळ्यात जास्त जे शिकायला मिळालं ते असं.

१. प्रत्येक साधनाला विचारा, यात काय धरलं आणि काय सोडून दिलं? करखात्याच्या कागदात मीठ सापडणारच, तो कागद त्यासाठीच होता. त्यावरून 'मिठागराचा इतिहास' लिहिला तर तो खरा असेल, पण मीठ विरघळवून केलेल्या समुद्रासारखा.

२. क्रियापदांचा कर्ता शोधा. "पाणी ओतलं गेलं", "टाकीची काळजी घेतली गेली" अशी वाक्यं आली की पेन्सिलने खूण करा. कुणी ओतलं? रोज तेच ते काम करणाऱ्यांची नोंद सगळ्यात कमी होते, कारण ते रोजचं असतं.

३. जुन्या निष्कर्षाला चूक म्हणण्याआधी त्याचं माप बघा. यंग यांच्यासारखं. त्यांच्या साधनाला काय दिसणं शक्य होतं, आणि काय नव्हतं?

४. जे कागदात नाही ते कुणाच्या तरी हातात असू शकतं. कडू पाणी कधी सोडायचं, वाफ्याची जमीन कशी दाबायची, हे सांगू शकणारी माणसं पेणच्या खारेपाटात अजून भेटतील, पण ती म्हातारी होत चालली आहेत. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा मिठागरात असतील तर गाईड मिळेपर्यंत थांबू नका. त्यांची परवानगी घ्या, रेकॉर्डर चालू करा आणि सुरुवातीला एकच विचारा: "आबा, मीठ धरलं हे तुम्हाला कसं कळायचं?" मग गप्प बसा आणि ऐका. त्यांचा शब्द तसाच लिहा, प्रमाण मराठीत फिरवू नका. आपल्याला पाणीही हवंय, नुसतं मीठ नको.

लंडनमधल्या त्या मोलकरणीला आता कुणीच विचारू शकत नाही. इथे अजून वेळ आहे, पण फार नाही.

पुढच्या लेखात अशा मुलाखतीतून रिसर्च प्रपोजलसाठी नेमका प्रश्न कसा काढायचा ते बघू. तोवर एक गृहपाठ: तुमच्या विषयातलं एक जुनं साधन घ्या आणि त्यात 'सोडून दिलेल्या' तीन गोष्टींची यादी करा.